मेलेलं झाड आणि दिवाळीची सुट्टी

(पक्षी सप्ताहात एका महाविद्यालयाच्या सभागृहात दिलेलं व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून उतरवून थोडं संपादित केलेलं.)

प्राचार्य मॅडम, प्राणिशास्त्र विभागातले सहकारी आणि मुलांनो,

बाहेरच्या फलकावर आजच्या व्याख्यानाचं नाव 'पक्षीस्नेही महाविद्यालय : सात उपाय' असं लिहिलं आहे. सातही उपाय मी कागदावर उतरवून आणलेत आणि ते सांगितल्याशिवाय जाणार नाही. पण आधी थोडं मनातलं बोलू द्या. ३५ वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, तिथे बोलण्यात रंग भरला की घंटा व्हायची. आज घंटा नाही, म्हणून मी फार खुशीत आहे.

५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. या दोन तारखांच्या मधला आठवडा आपण महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा करतो. सालिम अलींच्या लहानपणची चिमणीची गोष्ट तुम्हाला शाळेपासून पाठ असेल. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली ती चिमणी. ती कुठली हे विचारायला तो मुलगा मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि तिथल्या मिलार्डसाहेबांनी त्याच्यापुढे पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह उघडला. त्या गोष्टीतला एक बारकावा सहसा कोणी सांगत नाही. ती रानचिमणी घरटं करते ती झाडाच्या ढोलीत. ढोली हा शब्द लक्षात ठेवा, मी परत तिथे येणार आहे.

आणि चितमपल्लींनी तर आपल्याला शब्दच दिले. बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला सारंगागार. कावळ्यांच्या वसाहतीला काकागार. पक्षी रात्री ज्या झाडावर मिळून वस्तीला येतात त्या जागेला रातथारा. काय शब्द आहे! आमच्या कॉलेजात चिंचेखाली सायकली लावणारी मुलं रोज सकाळी सीट पुसताना कावळ्यांच्या नावाने खडे फोडायची. एकदा मी त्यांना म्हटलं, अरे, हा रातथारा आहे, तुम्ही त्यांच्या झोपायच्या खोलीत सायकली लावताय. त्यातली दोघं त्या संध्याकाळी मुद्दाम थांबली आणि येणारे कावळे नि साळुंक्या मोजत बसली. दुसऱ्या दिवसापासून सायकली भिंतीकडेला. त्या दोघांतला एक आज शेतीखात्यात आहे, अजूनही कुठे रातथारा दिसला की मला फोटो पाठवतो.

बरं, आता हात वर करा. तांबट कोणी पाहिलाय? सात, आठ... दहा. आणि ऐकलाय कोणी? थांबा, हात वर करायची घाई नको, आवाज काढून दाखवते. टुक... टुक... टुक... टुक... एका लयीत, दुपारच्या टळटळीत उन्हात. बघा, आता सगळे हात वर! पाहिलेले दहा आणि ऐकलेलं अख्खं सभागृह. एकदा एप्रिलमध्ये मी परीक्षेला पर्यवेक्षक होते. पहिल्या बाकावरची मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, बाहेर कुणीतरी पाइप ठोकतंय, त्यांना थांबवा ना, सुचत नाहीये." मी खिडकीशी गेले. पाइप ठोकणारा गृहस्थ चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळावर लाल टिळा, गळा पिवळा, आणि समोरच्या वाळक्या फांदीवर बसून मन लावून काम करत होता. मी तिला खुणेने दाखवला. तिने पाहिलं, हसली आणि पेपर लिहायला लागली. तांबटाचं ठोकणं त्यानंतरही चालूच होतं, पण त्या मुलीने पुन्हा मान वर केली नाही.

ती वाळकी फांदी ज्या झाडाची होती, त्याची गोष्ट मला सांगायची आहे.

आमच्या जिमखान्यामागे एक गुलमोहर होता. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. मी वनस्पतिशास्त्राची, त्यामुळे वर्गात नेहमी सांगायचे की गुलमोहराऐवजी पळस लावा, पांगारा लावा, काटेसावर लावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये या तीन झाडांना फुलं आली की साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, शिंजीर, आणि तोवर परत गेल्या नसतील तर भोरड्या, सगळ्यांची मधासाठी झुंबड उडते. गुलमोहरावर तशी गर्दी मी कधी पाहिली नाही. पुढे जिमखान्याभोवती पेव्हर ब्लॉक बसवले, ते अगदी बुंध्याला चिकटवून. मुळांना ना पाणी ना हवा. दिल्लीतल्या झाडांच्या बाबतीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये बुंध्याभोवती १ मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. आमच्याकडे एक वीतही नव्हती. तीन वर्षांत झाड वाळलं.

आणि वाळल्यावर ते झाड जगायला लागलं. मी हे अगदी शब्दशः म्हणते आहे. ते हिरवं असताना त्यावर पक्ष्यांची दोन घरटी कशीबशी असायची. वाळल्यावर आधी तांबट आला. तांबटाची चोच काही सुतारासारखी दणकट नसते, त्याला मऊ पडलेलं लाकूड लागतं. आडव्या फांदीच्या खालच्या अंगाला त्याने लिंबू जाईल एवढं गोल भोक कोरलं, खालच्या अंगाला अशासाठी की पाणी आत जात नाही. दुसऱ्या वर्षी त्याने नवं भोक कोरलं. रिकामी ढोली पुढच्या हंगामापर्यंत पोपटांनी चोचीने मोठी करून घेतली. मधल्या जाड खोडात सोनपाठी सुतार आला. जिथे मोठी फांदी मोडून खोल खळगा झाला होता तिथे पिंगळ्याचं जोडपं राहायला आलं. खाली, माणसाच्या उंचीवरच्या फटीत दयाळ. पाचव्या वर्षी मी मोजलं तर एका वाळक्या झाडात पाच जातींची घरं होती. माझा देशी-परदेशीचा धडा त्या झाडाने पार बदलून टाकला. मेल्यावर कुठलंही झाड देशी होतं.

ही साखळी नीट समजून घ्या, कारण लाकडी पेट्या टांगताना आपण ती विसरतो. आपल्या परिसरातल्या फार थोड्या पक्ष्यांना ढोली कोरता येते. सुतार आणि तांबट हे मुख्य कारागीर. पोपट, पिंगळा, दयाळ, साळुंकी, हुदहुद, आणि तुमच्याकडे येत असेल तर राखी धनेश, हे सगळे दुसऱ्याने केलेल्या किंवा आपोआप झालेल्या पोकळीचे भाडेकरू. धनेशाची मादी तर त्या पोकळीत स्वतःला कोंडून घेते, दार लिंपून फक्त चोचीपुरती फट ठेवते, आतमध्ये तिची उडायची पिसं गळून जातात. बाहेरून नर आणेल ते उंबर, तो पिंपळ, तेवढ्यावर तिची आणि पिल्लांची भिस्त. अशा वेळी झाड पाडलं तर तिला उडूनही जाता येत नाही.

तर आमचं झाड. मार्च महिना होता. कॉलेजला मूल्यमापन समिती येणार होती. तुम्हाला ते वातावरण माहीत आहे, भिंतींना रंग, फलकांना पॉलिश, कुंड्यांना गेरू. तेव्हाचे आमचे प्राचार्य सज्जन माणूस, मला त्यांच्याविषयी आजही आदर आहे. त्यांच्या डोळ्यांसमोर होतं एक वाळकं, वेडंवाकडं, पांढरं पडलेलं झाड, आणि त्याच्या बाजूने जाणारा समितीचा रस्ता. रविवारी ठेकेदाराची माणसं यंत्राची करवत घेऊन आली. सोमवारी साडेसातला माझं प्रात्यक्षिक असायचं. फाटकातच माळीमामा उभे होते, हातात झेरॉक्सच्या कागदांचा खोका. म्हणाले, "बाई, मी सांगितलं त्यांना, वर घरं हायती. ते म्हनले, आमाला ऑर्डर हाय."

खोक्यात पोपटाची तीन पिल्लं होती, अंगावर नुसत्या पिसांच्या नळ्या. आणि पिंगळ्याचं एक, डोळे टक्क उघडे. पिंगळ्याची बाकीची पिल्लं ओंडक्याखाली होती. तांबटाचं भोक असलेली फांदी चुलीच्या मापाचे तुकडे होऊन भिंतीकडेला रचलेली. मी ते तुकडे उलटेपालटे करून पाहिले. एका तुकड्यात अर्धं भोक होतं. ते मी घरी आणलं, अजून माझ्या टेबलावर आहे, त्यात पेन्सिली ठेवते.

वन विभागाची माणसं दुपारी आली आणि पिल्लं घेऊन गेली. पोपटाची दोन जगली असं नंतर कळलं. पण मला विसरता येत नाही ते वेगळंच. पोपटांचं ते जोडपं मंगळवारपर्यंत येत राहिलं. जमिनीपासून वीसेक फुटांवर, जिथे ढोली होती बरोबर तिथे, मोकळ्या हवेत येऊन ते घिरट्या घालायचे, ओरडायचे, आणि बसायला काही नाही म्हणून परत जायचे. गुरुवारी समिती आली. गुलमोहराच्या जागी तोवर क्रोटनच्या अकरा कुंड्या मांडून झाल्या होत्या.

मी कार्यालयात जाऊन कागद पाहिले. सगळं रीतसर होतं. आपल्या राज्यात १९७५ पासून नागरी भागातल्या झाडांसाठी कायदा आहे, त्यानुसार परवानगी घेतलेली होती. अर्जात झाडाची जात होती, उंची होती, बुंध्याचा घेर होता, तोडण्याचं कारण होतं : 'मृत व धोकादायक'. ते झाड धोकादायक असेलही, मी नाकारत नाही, शेजारून मुलं जात होती. पण त्या अर्जात या झाडात कोण राहतं असा रकाना नव्हता. अर्ज लिहिणाऱ्याला, तपासणाऱ्याला, सही करणाऱ्याला, कोणालाच तो प्रश्न पडायची सोय नव्हती. आणि दुसरीकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, त्यात वन्य पक्ष्यांची अंडी आणि घरटी नष्ट करणं, त्यांना उपद्रव देणं हे 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत बसतं. आमच्या कार्यालयात दोन्ही कायदे कपाटात शेजारी शेजारी होते.

या झाडाचं मी इतकं बोलते याचं कारण त्यानंतर आम्ही काय केलं ते आहे. वसतिगृहापाशी एक जुना शिरीष वाळायला लागला. या वेळी मी आधीच प्राचार्यांकडे गेले. म्हटलं, सर, झाड पूर्ण पाडायची काय गरज? भीती आहे ती वरच्या जड फांद्यांची. त्या उतरवू, खोड पंधरा फुटांवर ठेवू, आणि खोड पडलंच तर कुठवर पोचेल ते मोजून तेवढ्या जागेला तारेचं कुंपण घालू. त्यांनी दोन मिनिटं विचार केला आणि हो म्हणाले. मुलांनी तिथे पाटी लावली, 'हे घर आहे'. पुढच्याच वर्षी तिथे सुतार आला. अगदी साधा, कमी खर्चाचा उपाय आहे. पूर्ण झाड तोडून, मुळं खणून, ओंडके वाहून नेण्यापेक्षा यात पैसेही कमी लागले.

आणि दुसरी गोष्ट, माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची, ती मला त्या सोमवारी सुचली नाही. नंतर कितीतरी दिवसांनी एका रात्री कॉलेजचं वार्षिक वेळापत्रक आणि माझी पक्ष्यांची वही शेजारी ठेवली तेव्हा सुचली.

आपलं वर्ष बघा. जून-जुलैत प्रवेश. दिवाळीची सुट्टी. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा. मार्च-एप्रिल परीक्षा. मग मे महिना मोकळा. मुलं नाहीत, म्हणून बांधकाम, रंग, डागडुजी, झाडांची छाटणी सगळं मे महिन्यात. वर 'पावसाळा तोंडावर आला, फांद्या उतरवून घ्या' हे असतंच.

आता पक्ष्यांचं वर्ष. ढोलीतले पक्षी जानेवारी-फेब्रुवारीपासून कामाला लागतात. मार्च ते जून म्हणजे कावळा, कोतवाल, बुलबुल, हळद्या, शिंपी, शिंजीर. कोतवालाचं तर एक वैशिष्ट्य आहे, तो आपल्या झाडाजवळ कावळ्याला, घारीला फिरकू देत नाही, त्यामुळे त्याच्या आश्रयाने त्याच झाडावर होला, हळद्या, बुलबुल घर करतात. नाव कोतवाल, काम कोतवालाचं, आणि आपण मे महिन्यात ती चौकीच उतरवून टाकतो. पाऊस सुरू झाला की सुगरण, मुनिया, वटवट्या, गवताच्या आधाराने राहणारे सगळे. जून ते सप्टेंबर बगळ्यांची सारंगागारं भरलेली. सप्टेंबर २०२२ मध्ये केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात महामार्गासाठी एक चिंच पाडली, तेव्हा शंभरच्या आसपास पक्षी आणि पिल्लं मेल्याची बातमी देशभर गाजली. तो अपघात नव्हता. झाड कोणत्या महिन्यात पाडायचं हे कोणीतरी ठरवलेलं होतं.

दोन्ही वेळापत्रकं शेजारी ठेवली की कळतं की आपला छाटणीचा महिना आणि त्यांचा पिल्लांचा महिना एकच आहे. आणि मग डोळ्यांत भरते ती ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर ही फट. पावसाळी वीण उरकलेली, उन्हाळी वीण सुरू व्हायची आहे. पाऊस थांबलेला, म्हणजे कापलेल्या जागी बुरशी धरायची भीती कमी. नुकताच पावसाळा सोसून झाल्यामुळे कोणती फांदी खरंच कमकुवत आहे हेही झाडावर दिसतं. आणि दिवाळीची सुट्टी असते, मुलं नसतात! मे महिन्यासाठी जी सोय हवी होती ती सगळी इथे आहे. छाटणी दिवाळीच्या सुट्टीत आणा. मे महिन्यात फक्त ज्या फांदीने माणसाला खरोखर धोका आहे तेवढीच. आमच्याकडे हे लागू केलं त्या पहिल्या वर्षी मेमध्ये कापायच्या चारच फांद्या उरल्या.

एक सांगायला हवं. हिवाळ्यातही काही जण विणीत असतात. मोठी घुबडं, काही शिकारी पक्षी. म्हणून नोव्हेंबरातसुद्धा कापण्याआधी दोन संध्याकाळी झाडाखाली जाऊन बसायचं, काय आत जातं, काय बाहेर येतं ते पाहायचं. हे काम माळीमामांकडून आणि तुमच्यासारख्या दोन मुलांकडून होतं. त्याला तज्ज्ञ लागत नाही. आमच्या माळीमामांइतकी घरटी मला आयुष्यात कोणी दाखवली नाहीत. पण छाटणीच्या बैठकीला त्यांना कधी बोलावलेलं नव्हतं. मी पहिल्यांदा बोलावलं तेव्हा ते दारातच उभे राहिले. "बसा हो मामा," म्हटलं तरी बसेनात. शेवटी प्राचार्यांनी स्वतः उठून त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. त्या बैठकीत त्यांनी बोटांवर नऊ झाडं मोजली, कुठल्या झाडावर कोण आहे ते सांगत.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. 'दहा मिनिटं.' बरोबर आहे, बाहेर ऊन कललंय. सात उपायांतले पहिले दोन, वाळकी झाडं उभी ठेवणं आणि छाटणीचा महिना बदलणं, झाले. उरलेले पाच भरभर सांगते, लिहून घ्या.

काच आणि दिवे. तुमची नवी ग्रंथालयाची इमारत मी येताना पाहिली, सुंदर आहे, पूर्वेला सगळी काच. त्या काचेत समोरचं झाड दिसतं आणि पक्ष्याला ती आणखी एक झाडी वाटते. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथे वर्षाला साडेछत्तीस कोटी ते जवळपास नव्व्याण्णव कोटी पक्षी इमारतींवर आपटून मरतात. आपल्याकडे मे-जूनमध्ये नवरंग दक्षिणेकडून येतो. रात्रीचा प्रवास करून दमलेला, पहाटे खाली उतरतो. आमच्या पोर्चमध्ये एकदा सापडला, हिरवा, निळा, शेपटीखाली लाल, मान एका बाजूला. अजून ऊब होती अंगात. काचेवर ससाण्याचं एक चित्र चिकटवून काही होत नाही, पक्षी त्याच्या बाजूने जातो. काचेच्या बाहेरच्या अंगाला ठिपके किंवा रेघा, दोन-दोन इंचांवर, सगळ्या काचभर. शिकागोच्या मॅककॉर्मिक प्लेस या इमारतीपाशी ५ ऑक्टोबर २०२३ च्या एका सकाळी हजाराच्या आसपास मेलेले पक्षी सापडले होते. पुढच्या वर्षी काचांवर असे ठिपके लावले आणि आपटणारे पक्षी सुमारे ९५ टक्क्यांनी कमी झाले. तुमची कला मंडळाची मुलं हे काम वारलीतल्या ठिपक्यांनीही करतील, फक्त मध्ये मोकळी जागा सोडायची नाही.

आणि मैदानाचे मोठे दिवे खेळ संपला की बंद. स्थलांतराच्या दिवसांत, सप्टेंबर-ऑक्टोबर आणि मार्च ते मे, तर नक्कीच. दिव्यांना टोपी लावून उजेड खाली पाडा, झाडांवर नको.

दाणा आणि पाणी. पाणी ठेवा, दाणा ठेवू नका. दाणा टाकला की पारवे येतात, पारव्यांवर पारवे येतात, आणि त्यांच्या विष्ठेचा माणसाच्या फुप्फुसांना त्रास होतो. तांबट, शिंजीर, दयाळ, कोतवाल यांतलं कोणीही तुमची ज्वारी खाणार नाही. पाण्याचं भांडं उथळ, दोन इंचांहून खोल नको, मध्ये एक दगड, मांजराला दबा धरता येणार नाही अशा उघड्या जागी. दर दोन दिवसांनी घासून पाणी बदलायचं, म्हणजे डासही होत नाहीत. आज फाटकावर जे मडकं टांगलंय ना, ते खोल आहे, पिल्लू बुडेल त्यात. आजच बदला.

गवत आणि पालापाचोळा. अख्ख्या मैदानाचं गवत कापा, पण कुंपणालगतचा दोन मीटरचा पट्टा पावसाळाभर ठेवा, वटवट्या आणि मुनिया तिथे राहतील. पाला जाळू नका, झाडाखालीच राहू द्या. सातभाई, दयाळ, नवरंग सगळे पाचोळा उलटून किडे शोधतात, आणि दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना किडेच भरवते. नवीन झाडं लावणार असाल तर वड, पिंपळ, उंबर. एका वडाची फळं एका वेळी आणि शेजारच्या वडाची दुसऱ्या वेळी पिकतात, त्यामुळे वर्षभर कुणाचं तरी पान मांडलेलं असतं. कुंपणाला कॉनोकार्पस लावू नका, गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

विष आणि मांजा. वसतिगृहाच्या खानावळीत उंदरांचं औषध टाकता का? ते खाऊन उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस लडखडत फिरतो, गव्हाणी घुबड नेमका तोच उचलतं. त्याऐवजी पिंजरे लावा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी संक्रांतीनंतर झाडांत तो सापडतोच. जानेवारीत राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी एक सकाळ काढून झाडांवरचा मांजा उतरवावा. तो तिथे वर्षभर लोंबत राहतो, त्यात पाय अडकलेली घार मी जूनमध्ये पाहिली आहे.

आणि मोजा. हा सातवाच आहे ना? हो. फेब्रुवारीत चार दिवस देशभरातली महाविद्यालयं आपापल्या आवारातले पक्षी मोजतात, कॅम्पस बर्ड काउंट म्हणतात त्याला. पंधरा मिनिटं उभं राहायचं, दिसेल ते ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवायचं. मी गुलमोहराच्या वेळी प्राचार्यांकडे गेले तेव्हा माझ्याकडे फक्त राग होता. शिरीषाच्या वेळी गेले तेव्हा वही होती.

आता शेवटचं, आणि हे कागदावर नाही. आज दुपारी लवकर पोचले म्हणून तुमच्या पार्किंगमागे एक चक्कर मारली. तिथे एक वाळलेला पांगारा आहे. त्याच्या बुंध्यावर चुन्याची फुली मारलेली आहे. मी मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या, दिवाळीतच काढायचा होता, माणसं मिळाली नाहीत, पुढच्या आठवड्यात येणार आहेत. महिना तुम्ही बरोबर निवडला होता, त्याबद्दल खरंच आनंद वाटला. पण त्या पांगाऱ्याला तीन भोकं आहेत, खालच्या अंगाला, गोल, लिंबाएवढी. आणि मोडलेल्या फांदीपाशी एक खोल खळगा आहे, त्याच्या तोंडाखाली साल पांढरी झालीय, खाली पिसं पडलीत.

साडेपाच झालेत. पिंगळे सूर्यास्ताच्या सुमाराला बाहेर येतात, म्हणजे आपल्याकडे अर्धा तास आहे. दुर्बिणी माझ्याकडे दोन आहेत, आळीपाळीने बघू. मॅडम, तुम्ही पण चला. माळीमामांनाही बोलवा, चुन्याचा डबा त्यांच्याकडेच असेल. रांगेने, न बोलता, डावीकडच्या दाराने.